बाबांचं सिम आधी परत द्या

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी पुण्यात असते, वय ४५, आयटी कंपनीत नोकरी. बाबा कराडला एकटे राहतात. वय ७२, टपाल खात्यातून २०१३ साली निवृत्त झाले. आई गेल्यापासून त्यांचं सगळं मीच बघते, कारण भाऊ मेलबर्नला असतो. बाबांची तब्येत ठणठणीत आहे, स्वयंपाकाला मावशी येतात. अडचण आहे ती त्यांच्या सवयींची.

दर महिन्याच्या पाच तारखेला ते पासबुक भरायला बँकेत जातात. तिथलं मशीन निम्म्या वेळा बंद, की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हणते, ॲपवर सगळं दिसतं, उन्हातान्हाचं कशाला? ऐकत नाहीत. मध्यंतरी खात्यातून कसल्याशा अपघात विम्याचे वीस रुपये कापले गेले, तर त्यासाठी बँकेत दोन चकरा मारल्या. रिक्षालाच त्याहून जास्त गेले! लाइट बिल रांगेत उभं राहून भरायचं, दुधाचा हिशोब कालनिर्णयवर लिहायचा, सगळ्यांचे फोन नंबर डायरीत. आणि त्याच डायरीच्या शेवटच्या पानावर एटीएमचा पिन.

गेल्या वर्षी त्यांच्या एका मित्राला फोनवरून कुणीतरी फसवलं, बरीच रक्कम गेली. मी घाबरले. बाबांचं बँकेत नोंदवलेलं सिम माझ्या दुसऱ्या फोनमध्ये टाकून घेतलं आणि त्यांना नवीन नंबर घेऊन दिला. आता ओटीपी माझ्याकडे येतात, बिलं मी भरते, त्यांना काहीच करावं लागत नाही. पण तेव्हापासून ते माझ्याशी तुटक बोलतात. गॅसवाला कोड मागतो तेव्हा मला फोन करतात, मी मीटिंगमध्ये असते, उचलला नाही की चिडतात. पासबुक भरणं मात्र चालूच आहे.

माझ्या सोळा वर्षांच्या मुलाशीही त्यांचं बिनसलंय. त्यांचा फोन तो उचलत नाही आणि मग मेसेज करतो, 'काय काम होतं आजोबा?' त्यांना तो अपमान वाटतो. परवा त्यांनी एक फोन नंबर सांगितला, यानं भलताच लिहून घेतला, त्यावरूनही वाजलं. शिवाय रोज पहाटे साडेपाचला त्यांचे सुप्रभातचे फोटो येतात ते वेगळंच.

बदललेल्या काळाशी जुळवून घ्यायला त्यांना कसं समजवायचं?

— एक लेक, पुणे


उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य गॅसवाल्याचं आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. बहात्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या दारात उभा आहे, सिलिंडर समोर आहे, पैसे खिशात आहेत, आणि तो घरात घ्यायचा कोड पुण्यात तुमच्या पर्समधल्या फोनवर येऊन पडलाय. चिडतील नाही तर काय करतील?

म्हणून समजावण्याचं नंतर बघू. येत्या शनिवारी कराडला जा आणि आधी ते सिम परत द्या.

तुम्ही बँक सांभाळायला घेतली असं तुम्हाला वाटतंय. पण त्या नंबरावर फक्त बँक नसते. गॅसचा कोड त्यावर येतो हे तुम्ही पाहिलंतच. आधारचा ओटीपी त्यावरच येतो, आणि आधारचा ओटीपी म्हणजे आज पन्नास ठिकाणची सही. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्याचा निरोपही त्याच नंबरावर. जुने सहकारी, लांबचे नातेवाईक, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याकडेही तोच नंबर असणार. तुम्ही दिलेला नवा नंबर चार घरच्यांना माहीत आहे. माणूस कराडमध्येच राहिला, पत्ता मात्र तुम्ही बदलून टाकलात. टपाल खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे कसं लागलं असेल याचा विचार करा.

यात एक तांत्रिक गोम आहे, ती तुम्हाला आयटीत असल्यामुळे पटकन कळेल. यूपीआयचं ॲप सुरू करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो आणि त्यावरून हा नंबर याच फोनमध्ये आहे हे ठरतं. सिम तुमच्या फोनमध्ये आहे तोवर बाबांनी उद्या मनावर घेतलं तरी त्यांना स्वतःच्या खात्याचं यूपीआय सुरूच करता येणार नाही. म्हणजे एकीकडे ते नव्या गोष्टी शिकत नाहीत म्हणून तुम्ही वैतागता आणि दुसरीकडे शिकायची वाट तुम्हीच बंद केलीये.

नियमाच्या बाजूनंही बघा. ओटीपी आणि पिन दुसऱ्याला द्यायचे नाहीत असं बँक सांगते तेव्हा त्यात 'मुलगी सोडून' असं कुठे लिहिलेलं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकानं आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. उद्या तुमचा तो दुसरा फोन हरवला किंवा त्यातून काही गडबड झाली, तर बाबांना बँकेत काय सांगता येईल? 'फोन लेकीकडे होता' हे सांगून त्यांची बाजू पडतेच.

आणि भाऊ. आज तो मेलबर्नहून 'बरं झालं ताई, तू बघतेस' म्हणत असेल. पण वडिलांच्या खात्याचे व्यवहार वडिलांच्या नावानं एका भावंडानं वर्षानुवर्षं केले की त्याचा हिशोब पुढे कधीतरी मागितला जातो, आणि मागणारा बहुधा भाऊ नसतो, भावाच्या घरातलं कुणीतरी असतं. अशी पत्रं माझ्याकडे पुष्कळ येतात. मदतीची सोय करायचीच तर उजळ माथ्यानं करा. बाबांची इच्छा असेल तर पेन्शनचं नसलेलं एखादं खातं दोघांच्या नावावर करून घ्या किंवा त्या खात्यासाठी बँकेला रीतसर अधिकारपत्र द्या. २०२४ पासून 'यूपीआय सर्कल' नावाची सोय आली आहे. तिच्यात तुम्ही फोनवरून पैसे भरायची विनंती करायची आणि बाबांनी आपला पिन टाकून ती मंजूर करायची, अशी व्यवस्था करता येते. मंजुरीचा शिक्का त्यांच्याच हातात राहतो. तुम्हाला दोघांनाही हे सोयीचं पडेल.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, तिला मी हसणार नाही. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली लोकांना तासन् तास व्हिडिओ कॉलवर बसवून लुटण्याचे प्रकार इतके वाढले की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये त्यावर बोलावं लागलं. अशी अटक कायद्यात कुठेच नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही आणि सुटकेसाठी पैसे पाठवायला सांगत नाही. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला अशोकस्तंभ छापलेला कागद दिसला की तो ताठ उभा राहतो, आणि भामटे नेमका तोच कागद दाखवतात. इथवर तुमची काळजी रास्त आहे.

पण तुमच्या बाबांकडे एक गोष्ट आहे, जी तुमच्या-माझ्याकडे नाही. या फसवणुकीतला ठरलेला डाव म्हणजे 'तुमच्या नावाचं पार्सल अडकलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत'. ज्यानं आयुष्यभर पार्सलं नोंदवली, पावत्या फाडल्या, सूचनापत्रं धाडली, त्याला विचारा की टपालातलं पार्सल अडकलं तर खातं काय करतं. तासभर सांगतील! त्यांना 'बाबा, सांभाळून हं' असं दहा वेळा बजावण्यापेक्षा हा प्रश्न एकदा विचारा. भामट्याला ओळखण्याची अक्कल त्यांच्याकडे आहे, तिला वाव द्या.

त्यांच्याशी बसून मोजक्या गोष्टी ठरवा आणि त्यांच्याच अक्षरात डायरीच्या पहिल्या पानावर लिहू द्या. यूपीआयवर कुणाकडून पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना आणि शिल्लक बघताना. म्हणून 'पैसे जमा करतो, पिन टाका' म्हणणारा प्रत्येक माणूस चोर. फोनवर घाई करणाऱ्याला 'उद्या बँकेत येऊन सांगतो' एवढंच उत्तर. आणि काही घडलंच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरावर ताबडतोब फोन, मग बँकेला, मग मुलीला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ वडीलधारे 'मुलं काय म्हणतील' या लाजेपोटी दोन दिवस गप्प बसतात आणि पैसे अडवायची वेळ तेवढ्यात निघून जाते. तुम्ही रागावणार नाही, याची खात्री त्यांना आज, काही घडायच्या आधी, हवी. सिम काढून घेतल्यानं ती खात्री गेली आहे, हेही लक्षात घ्या.

अजून एक, आणि हे आयटीवाल्या मुलामुलींना मुद्दाम सांगते. लांबून शिकवायचं म्हणून आईवडिलांच्या फोनवर स्क्रीन शेअर करायची ॲप्स टाकू नका. 'बाबा, हे डाउनलोड करा, नऊ आकडी नंबर सांगा, आता हो म्हणा', ही सगळी वाक्यं भामटा शब्दशः वापरतो. तुम्ही दर रविवारी त्यांच्याकडून त्याची तालीम करून घेता आणि वर म्हणता, कसे फसले हो! शिकवायचं ते शेजारी बसून.

आता पासबुक. इथे मी पूर्णपणे बाबांच्या बाजूची.

तुम्हाला त्यात फक्त रिक्षाभाडं दिसलं. मला ते वीस रुपये दिसले. वर्षाला वीस रुपये हप्ता असलेला अपघात विमा म्हणजे बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, साधारण मे महिन्याच्या शेवटी. या योजनेचं संरक्षण सत्तराव्या वर्षी संपतं. बाबा बहात्तरचे. तेव्हा ते वीस रुपये याच योजनेचे असतील, तर ते कापायचं कारणच नव्हतं आणि तुमच्या बाबांनी बँकेची चूक पकडली आहे. तुम्ही त्यांच्या खात्याचं ॲप वर्षभर फोनमध्ये बाळगलंत, तुम्हाला ती दिसली होती का? दोष देत नाही. ॲपवर आपण शिल्लक बघतो आणि बंद करतो. छापील पानावर ओळीनं बोट फिरवत गेलं की नको असलेली नोंद आपोआप बोटाला अडते. तपासणी म्हणतात ती हीच, आणि बाबा ती दर पाच तारखेला करतात.

काउंटरवर काम केलेल्या माणसाचं मन ओळखा. टपाल खात्यात संध्याकाळी रोकड जुळली नाही तर तूट क्लार्कच्या खिशातून भरावी लागायची. अशा नोकरीत माणूस प्रत्येक पैशामागे एक कागद शोधायला शिकतो. त्याला मशीनची भीती नसते. पैसे गेले आणि हातात पावती आली नाही, याची असते. ही खोड त्याला चाळीस वर्षांच्या नोकरीनं लावली आहे आणि तुमच्या शिक्षणाची फीसुद्धा त्याच खोडीतून साठली असणार.

'बाबांना टेक्नॉलॉजी जमत नाही' असं तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण पत्रभर ते ऐकू येतं. जरा त्यांची नोकरी आठवून बघा. ते लागले तेव्हा टपाल आणि तार हे एकच खातं होतं. १९८५ साली त्याची दोन झाली. हातानं लिहायची वह्या-रजिस्टरं गेली, काउंटरवर संगणक आले, 'मेघदूत' नावाची प्रणाली आली. ज्या २०१३ साली ते निवृत्त झाले त्याच वर्षीच्या जुलैत देशातली तार बंद झाली. दोन वर्षांनी जुन्या पद्धतीची मनीऑर्डरही गेली. तुम्ही-आम्ही ज्याला बदललेला काळ म्हणतो, तसे तीन-चार काळ या माणसानं काउंटरच्या मागे बसून पचवलेत, तेही समोर रांग ताटकळत असताना.

मग तेव्हा जमलं ते आता का अडतं? तेव्हा प्रशिक्षण मिळालं होतं. शिकवणारा बरोबरीचा होता, पोटचं पोर नव्हतं. पायऱ्या कागदावर लिहिलेल्या होत्या आणि ते कागद वर्षानुवर्षं तेच राहत. आज मुलगी खांद्यावरून वाकून 'अहो बाबा, किती सोपंय, इथे दाबा, इथे, झालं' म्हणते. तीन सेकंदांत. सोपं आहे म्हटल्यावर ज्याला येत नाही तो मूर्ख ठरतो. असा वर्ग कुणीही सोडून उठेल. वर त्या ॲपचं तोंड दर दोन महिन्यांनी बदलतं. काल डावीकडे असलेलं बटण आज खाली गेलेलं असतं. ही चूक बाबांची नाही, पण शिव्या तेच खातात.

तेव्हा शिकवायचं ठरवलंत तर असं करा. पेन्शनच्या खात्याला हात लावू नका. ते यूपीआयला जोडूच नका. वेगळं एक छोटं बचत खातं असू दे, त्यात तीन-चार हजार, आणि यूपीआय फक्त त्याला. काही चुकलंच तर तेवढ्यावर निभावेल. आधी काय शिकायचं ते त्यांना ठरवू दे. तुम्हाला वाटेल लाइट बिल. त्यांना कदाचित भाजीवाल्याला सुटे पैसे द्यायची कटकट नको असेल, किंवा एसटीचं तिकीट काढायचं असेल. फोन त्यांच्या हातात, बोट त्यांचं, तुमचे हात मांडीवर. पायऱ्या त्यांना डायरीत लिहू द्या, तुम्ही लिहून देऊ नका. पहिला व्यवहार तुम्हालाच एक रुपया पाठवण्याचा करा. तो पोहोचला की तुमच्या फोनवरचा मेसेज त्यांना दाखवा, त्यांचा एसएमएस त्यांना वाचू द्या, आणि पुढच्या पाच तारखेला तोच रुपया पासबुकात छापून आलेला बघू द्या. पावती मिळाली की या माणसाचा विश्वास बसतो. आणि एवढं करूनही त्यांनी सांगितलं की नको, मला रोखच बरी, तर विषय तिथे संपला. कराडात रोख रक्कम अजून चालते.

लाइट बिलाचं तर मला फार काही वाटत नाही. रांगेत उभं राहण्याइतके पाय चालताहेत, चांगलंच आहे. छापील बिल बंद करून ई-मेलवर घेतलं तर महावितरण वर्षाला १२० रुपये सूट देतं, हे त्यांच्या कानावर घाला. पैसे वाचतात हे त्यांना आवडेल आणि कागद जातो हे आवडणार नाही. काय निवडायचं ते त्यांचं ते बघतील. दुधाच्या हिशोबाला तर हात लावूच नका. कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर आहे, त्याच्या चौकोनात लिहिलेलं 'दीड' दूधवाल्यालाही दिसतं आणि बाबांनाही, आणि त्याला चार्जिंग लागत नाही. यापेक्षा चांगलं ॲप मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र बदलायलाच हवी, ती म्हणजे शेवटच्या पानावरचा पिन. यात भीडभाड नको. बँक म्हणेल पिन कुठेच लिहू नका. बहात्तराव्या वर्षी हे सगळ्यांना झेपतंच असं नाही. माझं म्हणणं एवढंच, की कार्ड आणि पिन एका पिशवीतून किंवा एका डायरीतून घराबाहेर जाता कामा नये. त्यांच्याबरोबर एटीएमवर जा, नवा पिन घ्या (तुम्ही तोंड फिरवून उभ्या राहा), ते पान फाडून टाकायला लावा. नवा पिन घरातल्या कपाटात ते कुठे आणि कसा ठेवतात, ते तुम्ही विचारू नका.

बाकी डायरी फार मोलाची आहे. फोन नंबरांच्या जोडीला तिच्यात ठेवी, विमा, पोस्टातल्या योजना, लॉकर यांची एक यादी त्यांच्याकडून लिहून घ्या. नॉमिनी कुणाकुणाचे लावलेत तेही विचारा. आई गेल्यावर ते बदलले का? बहुतेक घरांत हे राहून जातं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, म्हणजे भावाचं आणि तुमचं दोघांचं नाव घालायला अडचण नाही. हे काम त्यांना आवडेल, कारण ते फॉर्मचं काम आहे.

आणि पाय थकले की काय, हा प्रश्न आज नाही, पण माहिती असू द्या. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१७ सालीच सांगून ठेवलंय. ज्येष्ठांना वर्षाला पंचवीस चेक विनामूल्य मिळतात. हयातीचा दाखला फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून घरबसल्या काढता येतो, आणि तेही नको असेल तर पोस्टमन घरी येऊन काढून देतो. पोस्टमनच्या हातून दाखला काढून घ्यायला तुमचे बाबा एका पायावर तयार होतील, त्याला चहा पाजतील आणि खात्याची सगळी खबर काढतील, असा माझा अंदाज आहे.

नातवाचं प्रकरण थोडं निराळं. तिथे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यामुळे कुणालाच समजावता येणार नाही.

बाबांच्या पिढीला फोन घराचा होता. वाजला की घरातलं जो जवळ असेल तो उचलायचा, आणि न उचलणं म्हणजे दारावर आलेल्याला दार न उघडणं. नातवाला फोन त्याचा एकट्याचा. अचानक वाजलेला फोन त्याला खोलीत न विचारता शिरल्यासारखा वाटतो. 'काय काम होतं' हे त्यानं उद्धटपणे विचारलेलं नाही, त्याच्या समजुतीनं ती आदबच आहे. पण सोळाव्या वर्षी एवढं समजायला हरकत नाही की आजोबांना काम काहीच नसतं. तेव्हा त्याला सांगा, आठवड्यातून एक वेळ ठरव, समज रविवारी सकाळी दहा, आणि फोन तू कर. ठरलेल्या वेळेला बाबा फोनजवळ असतीलच. मध्ये आलेला फोन उचलता आला नाही, तर संध्याकाळी उलट फोन करायचा, मेसेज नाही. तेवढं त्यानं करावं. बाबांनीही, सोमवारी दुपारी शाळेच्या वेळेत फोन करून 'उचलला नाही' म्हणू नये.

नंबर चुकल्याबद्दल दोघांनाही माफी. बाबा 'अठ्ठ्याण्णव एकोणसत्तर' असं सांगत असणार, आणि मुलगा मनातल्या मनात एकोणसत्तर म्हणजे एकोणसाठ की एकोणऐंशी करत बसलेला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं तोडून वाचायची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा तावातावानं बोलणाऱ्या किती घरांत मुलांना एकोणनव्वद म्हणजे किती हे कळत होतं, देव जाणे. बाबांनी नंबर एकेक आकडा करून सांगावा. रजिस्टर पत्रांचे नंबर त्यांनी जन्मभर तसेच वाचलेत. आणि नातवानं शंभरपर्यंतचे आकडे आजोबांकडून शिकून घ्यावेत. बाबांना यूपीआय शिकवायचं काम मी तुमच्याऐवजी त्यालाच दिलं असतं. नातवासमोर चुकायला आजोबांना लाज वाटत नाही, लेकीसमोर वाटते. एका सुट्टीत दोघांना कराडला एकत्र सोडा आणि तुम्ही पुण्यात राहा.

सिम परत देताना भाषण करू नका. 'मी घाबरले होते म्हणून घेतलं, विचारून घ्यायला हवं होतं' एवढं पुरे. ते म्हणतील, 'राहू दे तुझ्याकडेच, मला काय करायचंय.' तो होकार समजू नका, तो राग आहे. त्यांच्या फोनला दोन सिमची सोय असेलच. जुनं घाला, नवंही राहू दे. तुमच्या फोनमधून त्यांचं बँकेचं ॲप त्यांच्यादेखत काढून टाका. त्यांच्या फोनवर नव्यानं सुरू केल्यावर पहिले चोवीस तास रकमेवर मर्यादा असते, त्यामुळे बिलं भरायची असतील तर ती आदल्या दिवशी उरकून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी 'बघ, चालत नाही' होईल.

सुप्रभातचे फोटो तुमच्या बाजूनं म्यूट करा. सगळेच करतात, कुणी सांगत नाही. मात्र तिथे गेलाच आहात तर बाबांच्या व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करा आणि साठलेले सूर्योदय त्यांना विचारून पुसा. फोनमध्ये जागा उरली नाही तर बँकेचं ॲप बसायचंच नाही.